मुलीच्या पायांपुढचा पत्रा

साल दोन हजार एकोणीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीपर्यंत. वडील बुधवार पेठेत भांड्यांना कल्हई करायचे, मी जन्मभर विमानांच्या पत्र्याचं काम केलं. कोणाकडे शिकलात म्हणून विचारतात; हातोडीकडे, म्हणतो.

काम सोडलं होतं, तरी शहराबाहेरच्या लहान धावपट्टीवरून एका साहेबांचा फोन आला. स्वतःपेक्षा वयानं मोठं असं दोन माणसांचं विमान त्यांनी विकत घेऊन नवं केलं होतं. रविवारी मुलीला शेजारी बसवून पहिली फेरी मारायची होती. म्हणाले, चाचा, एकदा बघून जा, बरं वाटेल तुम्हाला. शुक्रवारी दुपारी गेलो.

रंग झकास. सीटांना चामडं. इंजिनाचं झाकण उघडलं आणि आधी मागचा पत्रा बघितला.

इंजिनाच्या मागे एक पत्रा असतो, फायरवॉल म्हणतात त्याला. त्याच्या पुढे पेट्रोल, मागे वीतभरावर बसणाऱ्याचे पाय. इंजिन पेटलंच, तर पेट्रोल बंद करून खाली उतरेपर्यंत आग अडवून धरायची, एवढंच त्याचं काम. म्हणून तो पोलादाचा असतो. इथला गंजला म्हणून काढला आणि ॲल्युमिनियम ठोकलं. का, तर हलकं आणि चकचकीत. बसवणारा कोण, तर धायरीचा गच्चीवर शेड घालणारा. त्यानं आपल्या धंद्याला जागून मागच्या अंगाला चंदेरी फोमही चिकटवला होता, शेडखाली उन्हासाठी लावतात तोच. वायरींची भोकं न्हाणीघरातल्या नळासारखी पांढऱ्या लांबीनं बुजवलेली. ग्रीस, काजळी, मेलेले उंदीर, सगळ्यात हात घातलेत मी. पण अशी किळस कधी आली नव्हती.

आमच्यात एक रीत होती. ज्यानं फायरवॉल बसवली, त्यानंच पहिल्यांदा इंजिन चालू होताना पत्र्याला पाय लावून आत बसायचं. मी कितीदा बसलोय. विचारलं, शेडवाला बसला होता का? साहेब हसले. तो आता फोनही उचलत नाही म्हणाले. तपासणीचे कागद? ते सोमवारी. "दहा मिनिटांत काय होतंय, चाचा?"

मी उरलेल्या फोमचा तुकडा बाहेर मोकळ्यावर नेला आणि काडी लावली. थेंब थेंब गळायला लागला, प्रत्येक थेंब पेटलेला. मग ॲल्युमिनियमचा उरलेला तुकडा दोन विटांत उभा केला, ब्लोलँप पेटवला आणि साहेबांना म्हणालो, मागे हात धरा. त्यांनी धरला आणि लगेच काढला. थोड्या वेळात पत्रा गॅसवर विसरलेल्या रिकाम्या पातेल्यासारखा बसला, मग गळून पडला.

"तुमचा हात टिकत नाही," मी म्हणालो, "तिथं पोरीचे पाय ठेवता?"

त्यांनी हात चोळत मान हलवली. वाटलं, पटलं. तर म्हणाले, फोम आजच काढतो, पत्र्याचं रविवारनंतर बघू. पाहुण्यांना बोलावून झालंय.

पाहुणे. मी छिन्नी उचलली, हातोडी उचलली आणि त्यांच्या चकचकीत फायरवॉलला नारळ जाईल एवढं भोक पाडलं. चार घावांत. पोलादासाठी घाम गाळावा लागला असता.

"काय केलंत हे? तिला मी शब्द दिलाय."

"चाचानं मोडला म्हणून सांगा."

त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं नाही. भोकाकडे बघत राहिले, मग विमानाची चावी काढून खिशात टाकली. मी भंगारातून तो काढून टाकलेला जुना गंजका पत्रा शोधला, रिक्षात घातला आणि घरी आलो. फोन मी केला नाही, त्यांचाच आला, रात्रीच्या जेवणाआधी. एवढंच विचारलं, पोलादाचा किती दिवसांत होईल?

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेनलेस स्टीलचा नवा पत्रा अंगणात पसरला, त्यावर गंजका ठेवला आणि आखणीच्या पोलादी सुईनं त्याची कड आखायला बसलो.