धाकटीचा ब्लॉग आणि गणिताच्या बाई

धाकटी म्हणजे माझी जाऊ. आमचं दोघींचं केस कापायचं दुकान आहे. दोन खुर्च्या, दोन आरसे, गिऱ्हाइकांना बसायला एक बाक, आणि स्वतःच्या मर्जीने गरम पाणी देणारा एक नळ. डावी खुर्ची माझी, उजवी तिची. माझ्या खुर्चीत बसलेली बाई गप्प बसते, कारण मीच गप्प असते. धाकटीच्या खुर्चीत दगड आणून ठेवला तरी तो घरच्या कटकटी सांगायला लागेल.

त्याचं कारण साधं आहे. केस कापताना कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नाही, दोघीही आरशात बघतात. जे नवऱ्याला सांगितलं नाही, बहिणीला सांगितलं नाही, ते माणूस आरशाला सांगून मोकळं होतं. धाकटी कात्री चालवत नुसतं "मग?" म्हणते, की पुढचं आपोआप बाहेर. दुकान बंद करून घरी आलो की तेच सगळं ती मला पुन्हा ऐकवायची, नकलांसकट. एकदा मी वैतागून म्हटलं, "बाई गं, मी पण तिथेच होते. लिहून टाक कुठेतरी आणि माझे कान सोड." माझीच जीभ मला नडली. तिने ब्लॉग काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'मग?'.

सुरुवातीला वाचक म्हणजे एकटे भाऊजी, तेही ताट वाढेपर्यंत. वाचकांचा आकडा एकाने वाढला की धाकटीचा चेहरा खुलायचा. मग लक्षात यायचं की दुकानातल्या कॉम्प्युटरवर तिनेच ते उघडून बघितलंय. केस गळू नयेत म्हणून काय करावं, कोरड्या केसांना काय लावावं, असलं शहाणपण ती लिहायची. कुत्रं विचारत नव्हतं. शेवटी चिडून तिने माझ्यावर लिहिलं. 'माझ्या थोरल्या जावेपेक्षा तिची कात्री जास्त बोलते', अशी सुरुवात. ते गल्लीभर फिरलं. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही, पण तिला ते कळलंच नाही, कारण मी एरवीही बोलत नाही. तिसऱ्या दिवशी दार लावून गुपचूप वाचलं. चांगलं लिहिलं होतं मेलीने. मला एकटीलाच हसू फुटलं.

त्यानंतर गाडी सुसाट सुटली. ओळखपाळख नसलेल्या बायका दारात येऊन "त्या न बोलणाऱ्या कोणत्या?" विचारायच्या आणि मला न्याहाळायच्या. धाकटीचे पाय जमिनीला लागेनात. कौतुक करावं, पण किती? लोकांनी तिला पार हरभऱ्याच्या झाडावर चढवलं, आणि तिथूनच तिने बाईंवर लिहिलं.

बाई म्हणजे मागच्या गल्लीतल्या शाळेत गणित शिकवणाऱ्या. आवाज असा की अख्खा वर्ग एका खाकरण्यात गप्प. कित्येक वर्षं त्या दुकान उघडता उघडता यायच्या, बाकावर कुणी नसताना. त्यांच्या टाळूवरचे केस गेले होते, चांगला तळहाताएवढा भाग. धाकटी बाजूचे केस लांब ठेवून, भांग वाकडा काढून ते असं झाकायची की वाऱ्यातसुद्धा दिसू नये. हे आम्हा तिघींशिवाय कुणाला माहीत नव्हतं. धाकटीने लिहिलं मायेनेच. भांग नीट बसला की बाईंचे खांदे कसे सैल होतात, तेही तिने लिहिलं होतं. नाव नव्हतं, शाळा नव्हती. पण 'गणिताच्या बाई' म्हटल्यावर आमच्या भागात दुसरं कोण डोळ्यांसमोर येणार?

दुकान भरलेलं होतं. बाकावरची एक विद्यार्थ्याची आई मोबाइलवरून ते मोठ्याने वाचत होती आणि बाकीच्या "अगं बाई, खरंच?" करत होत्या. बघतो तर बाई दारात उभ्या, कधी नव्हे ते भर गर्दीत. कधी आल्या कुणाला कळलं नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, धाकटीकडे एकदा बघितलं आणि परत गेल्या.

"काढ ते आत्ताच्या आत्ता," मी म्हटलं.

"ताई, नाव कुठे घेतलंय मी? आणि बघ ना, किती जणींनी खाली लिहिलंय."

खरंच लिहिलं होतं. आजवर तिचं इतकं काही वाचलं गेलं नव्हतं. केस गेलेल्या कुठकुठल्या बायका त्या लेखाखाली येऊन लिहीत होत्या. धाकटी ते सगळं वाचायची असं नाही, पण मोजायची जरूर. मी रोज "काढ" म्हणायचे, ती रोज "उद्या" म्हणायची. आणि एकीकडे तिची खुर्ची मुकी होत चालली होती. बायका बसल्या बसल्या "हे लिहू नका हं" म्हणायच्या, आणि मग लिहिण्यासारखं काही बोलायच्याच नाहीत. शांतता मला आवडते असं मी समजत होते. ती शांतता मला खायला उठायची.

एके दिवशी रस्त्यात बाई समोरून येताना दिसल्या. भर उन्हात डोक्याला घट्ट स्कार्फ. आम्हाला बघून त्यांनी रस्ता ओलांडला. धाकटी तिथल्या तिथे रडली. दुकानात आली, पिशवी खाली ठेवायच्या आधी लेख पुसून टाकला. माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, सुंठीवाचून खोकला गेला नाही, पण गेला एकदाचा.

कसला गेला? दुसऱ्या दिवशी दुकान उघडतोय तोच बाई दारात. स्कार्फ तसाच. धाकटीचा चेहरा पांढराफटक.

"ते पान कुठे गेलं?" बाईंनी विचारलं.

"काढलं, बाई. चुकलं माझं. फार आधीच काढायला हवं होतं."

"आणि खाली बायकांनी लिहिलेलं?"

"ते पण गेलं. लेख गेला की सगळंच जातं."

बाई बाकावर बसल्या. मी त्यांना असं मटकन बसताना कधी पाहिलं नव्हतं. "त्यात एकजण होती," त्या म्हणाल्या. "आजारपणात केस गेले तेव्हापासून नवऱ्यासमोरही टोपी काढलेली नाही. झोपतानासुद्धा नाही. मी रोज तिच्याशी बोलत होते, नाव न सांगता. आधी तुला शिव्या घालायला म्हणून ते पान उघडलं होतं, मग तिच्यासाठी उघडायला लागले. परवा तिला म्हटलं, एकदा दाखव त्याला, काय होईल ते होईल. ती म्हणाली, उद्या दाखवते. आणि आज सकाळी बघते तर पानच नाही."

धाकटी कॉम्प्युटरकडे धावली.

"लिहिताना मला विचारलं नाहीस," बाई म्हणाल्या, "आणि पुसतानाही विचारलं नाहीस. तिचं काय झालं हे आता मला कोण सांगणार?"

परत आणायची काही सोय नव्हती. धाकटीने सगळं करून पाहिलं, भाऊजींनाही बोलावून घेतलं, पण गेलेलं ते गेलं. तेव्हा बाईंनी स्कार्फ सोडला आणि तिला म्हणाल्या, "बस. मी सांगते तसं लिही." धाकटीचे हात कॉम्प्युटरवर अडकलेले, म्हणून बाईंचे केस पहिल्यांदा मी कापले. बाई आरशात बघून एकेक वाक्य सांगत होत्या. स्वतःचं नाव, शाळेचं नाव, केस कधी गेले, किती लपवले, सगळं. मी एकदा न राहवून म्हटलं, "बाई, नाव राहू द्या की." त्या म्हणाल्या, "नाव नसेल तर तिला कळणार कसं की मी खरी आहे?" लेखाच्या वर मोठ्या अक्षरात घातलं, 'टोपीवाल्या ताई, इथे या'.

त्यानंतर बाई रोज शाळा सुटली की दुकानात यायच्या, स्कार्फ न बांधता. पोरांच्या आया आधी नजर चुकवायच्या, मग एकीने सरळ विचारलं की भांग असा कसा काढता. लेखाखाली लिहिणाऱ्या पुष्कळ जुन्या बायका एकेक करून परतल्या, नव्याही आल्या. टोपीवाली मात्र येईना. बाई तोंडाने काही म्हणत नव्हत्या, पण रोज सगळं वाचून झालं की खालपर्यंत पुन्हा एकदा बघायच्या. धाकटी तर जेवताना उठून बघायची. आकड्याकडे तिचं लक्षही नव्हतं.

आणि आली. दुकान भरलेलं होतं. धाकटीने कॉम्प्युटरपासून हाक मारली तशी बाई खुर्चीतून अंगावरच्या कापडासकट उठल्या आणि वर्गात वाचतात तशा खणखणीत आवाजात वाचायला लागल्या.

"बाई, शोधून शोधून दमले. म्हटल्याप्रमाणे दुसऱ्या रात्री टोपी काढून दाखवली त्याला. तो म्हणाला, झोपेत ती रोज निघते गं. मीच सकाळी तू उठायच्या आधी परत घालून ठेवतो."

शेवटच्या शब्दांपर्यंत बाईंचा आवाज पोचला नाही. ते धाकटीने वाचलं.