पाण्यानं घट्ट झालेला साबण

सत्तरचं दशक सरत असताना आम्ही लाखनीच्या चार-पाच बायका मोहाच्या बियांच्या तेलाचा साबण करायचो. एकदा लोखंडी कढईतला साबण जरा जाड वाटला, म्हणून शेजारणीनं त्यात गरम पाणी ओतलं. पातळ होणं दूरच, तो असा आवळून आला की लाकडी दांडा त्यात उभाच राहिला.

"पाणी टाकून राहिलो तं हा अजून घट्ट होऊन राहिला! काहून असं?" शेजारीण रडवेली झाली.

माझी मोठी बहीण भंडाऱ्याला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. त्या रविवारी ती माझ्याकडेच होती. कढईजवळ बसून तिनं त्यातला थोडा गोळा काडीवर घेतला, उजेडात धरला आणि फिरवून फिरवून पाहिला. मग म्हणाली, "आता साधं पाणी नको. मीठ कालवून आणा."

मिठाचं पाणी थोडं थोडं पडलं तसा दांडा हलायला लागला. साबण सुटून वर आला, आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला. तिनं मात्र तो काडीवरचा गोळा बाटलीत भरून नेला.

पुढच्या सुट्टीत तिनं आम्हाला कॉलेजात बोलावलं. भूगर्भशास्त्राच्या विभागातल्या, दगडांचे पातळ काप बघायच्या सूक्ष्मदर्शकाखाली तिनं तो साबण ठेवला होता. डोळा लावला नि मी थक्क झाले. बिनरंगाच्या त्या साबणात निळे-पिवळे पंखे उलगडले होते.

"साबणाच्या कणाला पाण्याची ओढ असलेलं डोकं असतं आणि पाणी टाळणारी शेपटी," ती सांगू लागली. "पाणी कमी तेव्हा हे कण थर करून राहतात. थर एकमेकांवरून घसरतात, म्हणून साबण ढवळता येतो. तुम्ही पाणी वाढवलं, तशा त्यांनी शेपट्या आत लपवून लांब कांड्या केल्या. त्या धानाच्या पेंढ्यांसारख्या खेटून रचल्या गेल्या, आता कोण हलणार? मिठानं ती रचना मोडली."

"मंग हे पाणी हाय का दगड?" शेजारणीनं विचारलं.

"दोन्हीच्या मधलं. द्रव स्फटिक. पाण्यासारखं ओलं, पण कण स्फटिकासारखे रांगेत, म्हणून या सूक्ष्मदर्शकात असे रंग दिसतात."

शेजारणीनं पुन्हा डोळा लावला. बहिणीनं तिचा हात धरून साबणाखालची चकती हळूच फिरवायला शिकवली. रंग बदलले तशी ती लहान मुलीसारखी हसली. आमची परतीची एसटी केव्हाच निघून गेली होती, पण बहिणीनं कुणालाच घाई केली नाही. मला तिचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.