पोकळाईची शपथ

फाल्गुन लागला की सांगलीच्या मार्केट यार्डाकडून येणाऱ्या वाऱ्याला नव्या हळदीचा वास असतो. उग्र, किंचित कडवट, घशाशी रेंगाळणारा. आमचं घर यार्डापासून दोन गल्ल्या अलीकडे, त्यामुळे पोती रिकामी होऊ लागली की ती पिवळी धूळ खिडकीच्या गजांवर, वाळत घातलेल्या सदऱ्यांवर आणि माझ्या लिहिण्याच्या टेबलावरही येऊन बसते. गेल्या फाल्गुनात त्या टेबलाशी बसून मी एक धर्म रचत होतो. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या, देवळात फक्त सावलीसाठी शिरणाऱ्या आणि दुधाची पिशवीसुद्धा दोनदा हुंगून घेणाऱ्या माणसाने हा उद्योग करावा, याची मलाही गंमत वाटत होती.

निमित्त कादंबरीचं होतं. तिच्यात एक जुनाट अंतराळयान आहे आणि त्यात निरनिराळ्या ग्रहांवरून परागंदा झालेले चाळीस फरारी आहेत. कुणी लुटारू, कुणी बंडखोर, कुणी दुसऱ्याचा गुन्हा अंगावर घेऊन पळालेले. त्यांना राज्य नाही, कोर्ट नाही, आणि पोलीस तर नकोच आहेत. मग त्यांनी एकमेकांच्या शब्दावर विसंबायचं कसं? आधी मी त्यांना सूर्यदेव देऊन पाहिला, तो त्यांना शोभेना. मग पूर्वजांची पूजा दिली, तर प्रत्येकाचे पूर्वज दुसऱ्याच्या पूर्वजांचे वैरी निघाले. अखेर एका सकाळी लक्षात आलं, की त्या चाळीसही जणांना सारखीच भीती वाटते ती यानाच्या पत्र्यापलीकडच्या अथांग, निःशब्द, निर्वात पोकळीची. आपल्याकडे मरीआई असते, यमाई असते, तशी मी तिला पोकळाई केली. तिला मूर्ती नाही, गाभारा नाही. यानाचं बाहेरचं दार हाच तिचा उंबरठा. शपथ घेणाऱ्याने अंगावर कसलंही कवच न चढवता त्या दाराला तळहात टेकवून उभं राहायचं, दाराची कळ आतल्या दारामागे उभ्या असलेल्या दुसऱ्याच कुणाच्या हातात द्यायची आणि मग बोलायचं. जो शपथ नाकारेल तो आपोआप दोषी, त्याला पोकळाईच्या ओटीत घालायचं, म्हणजे दाराबाहेर सोडायचं. संशयी लोकांसाठी संशयी माणसाने रचलेला धर्म होता तो, आणि मी त्याच्यावर बेहद्द खूश होतो.

त्याच आठवड्यात आक्काचा फोन आला. आक्का माझी थोरली बहीण, कराडच्या पुढे कृष्णाकाठच्या एका गावात दिलेली, आणि तिथल्या ग्रामपंचायतीची सदस्य. झालं होतं ते असं. उपसरपंचांवर अविश्वास ठराव आणायचा म्हणून तिच्या गटाच्या सहा सदस्यांनी मतदानाच्या आदल्या दिवशी गावच्या खंडोबासमोर बेलभंडारा उचलला होता, म्हणजे बेलाचं पान आणि चिमूटभर हळद तळहातावर घेऊन, मत ठरावाच्याच बाजूने टाकू, अशी शपथ वाहिली होती. आमच्याकडे ही शपथ कोर्टातल्या शपथेहून जड मानतात. मतदान गुप्त झालं. सहा मतं हवी होती, पाच पडली, ठराव बारगळला. आता गटाचे पुढारी, ज्यांना सगळं गाव आबा म्हणतं, त्यांनी फर्मान काढलं होतं, की रविवारी सकाळी सहाही जणांनी पुन्हा देवळात यावं आणि आपण फितूर झालो नाही म्हणून पुन्हा भंडारा उचलावा. पाच जण तयार होते. आक्का एकटी नाही म्हणत होती, आणि तेवढ्यावरून गावाने तिला गुन्हेगार ठरवून टाकलं होतं.

शनिवारी मी बसमध्ये बसलो. दुतर्फा तुटलेल्या उसाची रानं, पाचट जाळल्याचा करपट वास, उसाने लादलेल्या ट्रॉल्यांमागे मुंगीच्या गतीने सरकणारी आमची बस, आणि या सगळ्यातून माझं डोकं मात्र एखाद्या फौजदारासारखं चाललेलं. मागच्या पावसाळ्यात दाजींच्या छातीत कळ आली होती, तेव्हा त्यांना मिरजेच्या दवाखान्यात आपल्या गाडीतून पोचवलं ते याच उपसरपंचांनी. आक्का उपकार विसरणारी नाही, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मग मत कुणी फिरवलं असेल? कराडचा पूल येईपर्यंत मी माझ्या सख्ख्या बहिणीविरुद्ध खटला जवळपास उभा केला होता. शिवाय पिशवीत एक कोरी वहीही टाकली होती. शपथेचा विधी इतक्या जवळून पुन्हा कधी बघायला मिळणार?

संध्याकाळी स्वयंपाकघरात ती भाकऱ्या थापत होती आणि मी पाटावर बसून विचारत होतो. बेल उजव्या हातात घेतात की ओंजळीत? हळद पुजारी देतो की आपण उचलायची? बोलताना डोळे मिटायचे का? ती एकेक उत्तर नीट, आठवून देत राहिली. मी तिच्या सुटकेची काही वाट शोधतो आहे, अशी तिची समजूत झाली असावी. मग तिची नजर माझ्या मांडीवरच्या वहीकडे गेली.

"ह्ये काय लिवतुयास रं?"

मी तिला कादंबरीचं सांगितलं. यान, फरारी, पोकळाई, सगळं. ती रागावली नाही, तव्यावरची भाकरी उलटून तेवढं "बरं" म्हणाली. तिथेच थांबलो असतो तर निभावलं असतं, पण माझा स्वभाव कुठला थांबायला! "पण आक्का," मी म्हणालो, "तू मत ठरावालाच दिलं होतंस ना?"

तिचे पिठाने माखलेले हात परातीतच थांबले.

"गावानं इचारलं तवा येवढं लागलं न्हाई, बापू," ती म्हणाली, आणि पुढे जेवण होईपर्यंत आमच्यात मीठ वाढण्यापुरतंच बोलणं झालं. मला स्वतःची लाज वाटली. तरीही, तिने उत्तर दिलेलं नाही, याची नोंद मनाच्या एका कोपऱ्याने केलीच.

रविवारी सकाळी देवळाच्या दगडी सभामंडपात ऊन तिरपं उतरलं होतं आणि त्यात हळदीचे कण तरंगत होते. सांगलीत जो वास मला बाजाराचा वाटतो, तोच इथे छातीवर दडपण आणत होता. पाच जणांनी एकामागून एक भंडारा उचलला. त्यातल्या एकाचा आवाज कापला, एकाने देवाकडे न बघता आबांकडे बघितलं, एकाने शपथ भलत्याच घाईने उरकली. प्रत्येकात मला फितूर दिसत होता. पण हात मात्र पाचांचेही सारखेच पिवळे झाले होते, त्यातला खोटा हात कुठला, हे कोणत्याही प्रयोगशाळेत कळलं नसतं. मग आबांनी पितळी ताट आक्कापुढे धरलं.

"वैनी, पाच जणांनी उचलला. तुमीबी उचला, म्हंजे मिटलं."

आक्काने पदर सारखा केला. "आबा, त्या दिशी उचलला त्यो भंडारा खरा व्हता का खोटा? खरा आसंल तर आज पुन्यांदा कशाला? आन खोटा आसंल, तर आजचा कशानं खरा हुईल?"

तिने ताटाला हात लावला नाही. वाकून उंबऱ्यावर डोकं टेकलं, तिथेच सांडलेली हळद बोटाने कपाळाला लावली आणि पायऱ्या उतरून चालू लागली. तिला कुणी थांबवलं नाही, आणि तिच्याबरोबर उतरायला मीही क्षणभर उशीरच केला. लोकांचे चेहरे बघत राहिलो होतो.

त्यानंतर तिला गटातून काढलं. नळावर बायका तिच्याशी हातचं राखून बोलू लागल्या आणि हळदीकुंकवाचं बोलावणं तिच्या दाराशी येऊन पुढे जाऊ लागलं. हे मला दाजींकडून कळलं. मी मात्र सांगलीत येऊन झपाटल्यासारखं कादंबरीचं एक प्रकरण लिहून काढलं. यानात फितुरी होते, चाळीस जण दाराशी जमतात, एकोणचाळीस शपथ घेतात आणि एक प्रौढ बाई शांतपणे हात मागे घेते. धर्माच्या नियमानुसार कळ फिरते, दार उघडतं, ती पोकळाईच्या ओटीत जाते. इतकं चांगलं मी आजवर लिहिलं नव्हतं. आक्काला बरं वाटेल अशा भाबड्या समजुतीने ते तिच्या फोनवर पाठवूनही दिलं.

चार दिवसांनी तिचा फोन आला. "वाचलं. लय चांगलं लिवलंयस." मग म्हणाली, "त्या बाईनं खरंच फितुरी केली व्हती का रं?"

मी गडबडलो. खरं तेच सांगितलं, की मला माहीत नाही, तसं मी काही ठरवलंच नव्हतं.

"ठरीवलंच न्हाईस," आक्का म्हणाली, "आन तरीबी भायेर काढलीस तिला?"

तेव्हापासून ते प्रकरण टेबलावर उघडं पडून आहे आणि त्याच्यावर हळदीची धूळ साचते आहे. ती बाई निर्दोष होती असं लिहावं, तर त्याचा पुरावा माझ्याजवळ नाही. दोषी म्हणावं, तर जो पुरावा सापडतो तो माझ्याच संशयाचा निघतो. तिला परत आत घ्यायचं म्हटलं तर दार उघडावं लागेल, आणि बाहेरचं दार उघडलं की आतल्या माणसांची थोडी हवा जातेच, हे पदार्थविज्ञान मीच मुलांना वर्षानुवर्षं शिकवत आलो आहे. मी रचलेल्या धर्मात तेवढी हवा सोडायची कुणाची तयारी नव्हती. माझीही नव्हती. उद्या सकाळच्या बसने आक्काकडे जाईन म्हणतो. या वेळी वही घरी ठेवणार आहे, आणि तिला काही विचारणार नाही.