पेटीचा रंग

मुलांनो, नगरला आमच्या शेजारचा एक तरुण बंगलोरला उपग्रहाच्या कामावर होता. सुट्टीला आला की खुर्चीत बसण्याआधी ती तापलीय का ते उलट्या हाताने शिवून बघे. कसलाही बेत विचारला तरी "चाचणी झाल्यावर सांगतो" म्हणे. मला त्याचा थोडा कंटाळाच यायचा.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावर त्याच्या आईने श्रीगोंद्याकडचं स्थळ काढलं आणि मलाही सोबत नेलं. आधीची स्थळं मोडली होती, त्यामुळे ती धास्तावलेलीच होती.

पोहे झाले. मुलीच्या वडिलांनी विचारलं, "पावनं, काम काय करता?"

"एका पेटीला बाहेरून रंग देतो. उन्हात तापू नये, सावलीत गोठू नये, असा."

"म्हंजी रंगारी हाय म्हना की!"

"तसंच म्हणा."

आई कळवळली. "अरे, उपग्रह आहे तो! आकाशात जाणार आहे, सांग ना!"

"हवा काढलेल्या टाकीत तो तापवून, गारठवून बघायचाय अजून. टिकला तर उपग्रह. आज पेटीच आहे."

वडिलांनी टोपी सारखी केली. "बरं. कळवतो आमी." चहाचं नावही निघालं नाही. आईचे डोळे भरले.

तेवढ्यात खाली मान घालून बसलेली मुलगी बोलली, "आन् न्हाई टिकला तर?"

मुलीने प्रश्न विचारायची तेव्हा रीत नव्हती. वडील तिच्याकडे बघतच राहिले.

"परत रंगवायचा," तो म्हणाला.

"मग बसा," ती उठत म्हणाली, "चहा ठिवते."