मुकादमबाईंची नेपती

मुकादमबाई रागावल्या की खाली बसत. आरडाओरडा नाही, शिवी नाही. असतील तिथं मांडी घालून बसायच्या. एकदा मोताळ्याच्या बाजारात जीपवाल्यानं बायकांना टपावर चढायला सांगितलं, तर बाई गाडीच्या तोंडापुढंच बसल्या. मागोमाग त्यांची मजूर बायांची सगळी टोळी बसली. ड्रायव्हरनं आधी हॉर्न वाजवला, मग हात जोडले आणि शेवटी गाठोडी टपावर टाकून बायांना आत जागा करून दिली.

मी तेव्हा झाडं लावण्याच्या एका योजनेवर कंत्राटी सुपरवायझर होतो. गळ्यात शिट्टी, हातात दोरी आणि अक्कल बेताची. धामणगाव बढ्याकडच्या एका माळावर उन्हाळ्यात खड्डे खणून ठेवायचे आणि पावसाळ्यात रोपं लावायची, असं काम होतं. पहिल्या दिवशी मी चुन्याच्या रेघा मारून तयार, आणि बाई टिकास खाली ठेवून माळावर निघून गेल्या. अर्ध्या तासानं परतल्या तेव्हा मी चिडून विचारलं, "मुकादमबाई, कामाला आलात की फिरायला?"

"आधी कोन कोन राह्यते इथं, थे पाहू द्या ना सायेब."

हे त्यांचं नेहमीचंच होतं. नवी जागा मिळाली की पहिला घाव घालण्याआधी एक फेरी. टिटवीची अंडी दिसली की भोवती चार दगड मांडायच्या आणि तिथला खड्डा दोन पावलं सरकवायच्या. माझी सरळ रेघ वाकडी व्हायची आणि माझं डोकं फिरायचं. "अहो, माळ मोकळा आहे म्हणून तर दिलाय आपल्याला!" मी म्हणायचो. "मोकया कुठी हाये? तुमाले दिसत नाही म्हून मोकया," हे त्यांचं उत्तर.

माळाच्या वरच्या अंगाला, मुरमाड उतारावर, नेपतीची एक जाळी होती. रखरखीत जमिनीतलं हे झुडूप आमच्याकडे आता शोधून सापडत नाही. अंगावर पान म्हणून नाही, नुसता काटेरी काड्यांचा गुंता. ऐन उन्हात बाकीचं सगळं करपतं तेव्हा याला विटकरी लाल फुलं येतात. पण हे मला तेव्हा कुठलं माहीत! बाई भाचीच्या लग्नासाठी धाड गावी गेल्या होत्या, फुलं यायला अवकाश होता, आणि माझी रेघ नेमकी त्या जाळीतून जात होती. वाळकं झुडूप दिसतंय, असं लांबूनच ठरवून मी दोघींना ते साफ करायला लावलं. "बाईले येऊ द्या," त्या म्हणत राहिल्या. मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या तेव्हा अर्धी जाळी आडवी पडली होती. त्यांनी एक काडी उचलून माझ्यासमोर मोडली. आत ओली, हिरवी.

"हे मेलेलं नोतं सायेब. याले पानंच नसतेत. मुरमात पानं पोसाले पानी कुठून आनीन थे?"

आणि उरलेल्या जाळीशी जाऊन बसल्या. टोळीही बसली. दोन दिवस टिकास उचललं गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी मोठे साहेब आले. त्यांना खड्डे नकाशाप्रमाणे हवे होते. "खंदत नाही असं कुठी म्हनलं? इथं नका खंदू. हे एकच राह्यलं," बाई म्हणाल्या. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "काय हो, खरंच काही विशेष आहे का हे, की बाईंचा नुसता हट्ट?"

माझं कंत्राट दोन महिन्यांत संपणार होतं आणि ते वाढवणं साहेबांच्या हातात होतं. मी म्हणालो, "मला काही कल्पना नाही, सर."

"मग मुकादम बदलू," साहेब म्हणाले.

"बदला. पन हे ठिवा," बाई म्हणाल्या.

साहेब हसून हो म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून टोळीवर नवा मुकादम आला, आणि बाई पदर खोचून रांगेतल्या शेवटच्या खड्ड्यावर उभ्या राहिल्या. नवा गडी दिवसभर ओरडायचा आणि काम निम्मं व्हायचं. बाया मात्र बाईंनाच मुकादमबाई म्हणत राहिल्या. चैत्रात जाळी फुलली तेव्हा बाईंनी मला हाताला धरून नेलं. लाल फुलांना चिमुकले सूर्यपक्षी लोंबकळत होते. "याच्या कवळ्या फयाचं लोनचं घाले माही माय," त्या सांगत होत्या, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या घरी गेलो. गुडघे गेले होते. ओसरीवर बसून असायच्या. मी मोठ्या कौतुकानं माळावरच्या त्याच नेपतीची फुललेली डहाळी नेली होती. बघताच कडाडल्या, "फुलं कायले तोडून आनले? आता फयं कशाले धरतीन?" घ्या! मी पुन्हा तोडूनच आलो होतो. मग डहाळी मांडीवर घेऊन किती तरी वेळ फुलांवरून बोट फिरवत राहिल्या. कापलेल्या जागी मुळांतून फुटवे आलेत, असं सांगितलं तर "हाव?" म्हणून लहान पोरीसारख्या हसल्या.

तेव्हा कुठं माझं तोंड उघडलं. "मुकादमबाई, त्या दिवशी साहेबांसमोर मी बोलायला पाहिजे होतं."

त्यांनी डहाळी बाजूला ठेवली.

"हाव. पाह्यजे होतं," म्हणाल्या, आणि सुनेला चहा टाकायला सांगितलं.

हिवाळ्यात त्या गेल्या. 'जाऊ द्या सायेब' असं म्हणाल्या असत्या, तर मी सुटलो असतो. त्यांनी मला सोडलं नाही, याबद्दल मी त्यांचा फार ऋणी आहे.