पट्टेवाली लाल गाडी आणि मामाजींचा डोळा

चाळिशी ओलांडल्यावर आमच्या स्टाफरूममधल्या एकानं पहाटे फिरायला जाणं सुरू केलं, दुसऱ्यानं होमिओपॅथीची पुस्तकं आणली. मी लाल गाडी घेतली.

ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. मी वर्ध्याच्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होतो. लहान मोटारी तेव्हा नुकत्याच रस्त्यावर दिसू लागल्या होत्या. त्यांना वेगळी डिकी नसायची, पाठीचा दरवाजाच काचेसकट वर उचलायचा. तशी एक जुनी गाडी नागपुरात विकायला आहे, असं कळलं आणि मी बघायला गेलो. मालक पंचविशीतला पोरगा, मोटारींच्या शर्यतींनी झपाटलेला. त्यानं गाडी मुद्दाम ठेंगणी करून घेतली होती. पुढच्या स्प्रिंगांचे वेढे कापले होते, मागच्या कमानींमध्ये, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगांमध्ये, एकेक जादा पोलादी पाटा घातला होता, टायर रुंद बसवले होते आणि बॉनेटपासून मागच्या दरवाज्यापर्यंत दोन काळे पट्टे ओढले होते.

"वळणावर जरासुद्धा झुकत नाही, सर," तो म्हणाला.

वर्धा जिल्ह्यात वळणं किती आणि खड्डे किती, हा हिशेब त्या क्षणी माझ्या डोक्यात आला नाही. मी पट्टे बघत होतो.

बुटीबोरीपर्यंत रस्ता चांगला होता आणि मी शीळ घालत होतो. सेलू ओलांडलं तोवर शीळ बंद झाली होती, कारण जीभ दातांखाली येण्याची भीती वाटू लागली होती. घरासमोर गाडी उभी केली तेव्हा बायको बाहेर आली, तिनं गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "हे पट्टे पुसले जातात का?"

खरी परीक्षा पुढच्या रविवारी झाली. माझी सासुरवाडी आंजीची. सासरे, म्हणजे आमचे मामाजी, विहिरीच्या पाण्यावर भाजीपाला करायचे आणि वर्ध्याच्या बाजारात पाठवायचे. एरवी त्यांचा माल बैलगाडीनं यायचा. त्या दिवशी मी आग्रह करून टमाटरच्या दोन टोपल्या मागे ठेवल्या आणि मामाजींना पुढे बसवलं. वाटभर त्यांनी दोन्ही हातांनी दाराचं हँडल धरलं होतं. वर्ध्याला आल्यावर खाली उतरून त्यांनी कंबर सरळ केली, वाकून गाडीच्या खाली बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "जवाईबापू, गाडी सुंदर हाये. पण खाली चाकं हायेत का उखळ?"

टोपल्यांच्या तळातून रस गळत होता. माल बाजारात गेलाच नाही. आम्ही आठवडाभर टमाटरची चटणी खाल्ली.

मला राग आला तो मामाजींचा नव्हे, स्प्रिंगांचा. मी वर्षानुवर्षं पोरांना स्प्रिंग शिकवत आलो होतो. फळ्यावर स्प्रिंग काढावी तर मीच, अशी माझी ख्याती होती. आता माझ्याच बुडाखालच्या चार स्प्रिंगांनी माझं ऐकू नये? मी विचार केला. स्प्रिंग कडक आहे, म्हणजे तिच्यावर वजन कमी पडतं आहे. वजन वाढवलं की गाडी डुलत, सावकाश चालेल. कागदावर हे बरोबर होतं. मी रेतीची दोन पोती भरून मागे टाकली. गाडी खरंच मऊ झाली. पण आधीच ठेंगणी असलेली ती गाडी आणखी खाली बसली, आणि आंजीच्या वाटेवर ओढ्यातल्या रपट्यावर सायलेन्सर दगडाला घासून निखळून पडला. मी आणि बायको तो हातात घेऊन एसटीची वाट बघत उभे राहिलो. तिनं सायलेन्सरचं जड टोक माझ्या बाजूला सरकवलं.

मग मी रेती काढली आणि सीटवर कापसाची चांगली जाड गादी घातली. त्यानं बसण्याचा त्रास कमी झाला आणि डोकं छताला आपटू लागलं. टायरांतली हवा मात्र मी काटेकोर ठेवायचो. हवा मोजायचा स्वतःचा मीटर होता माझ्याकडे. तो एकदा बंद पडला होता, तो मी स्वतःच दुरुस्त केला होता. त्याचा मला अभिमान होता.

अशात मामाजींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हा ते आजच्यासारखं नव्हतं. डोळ्याला टाके पडायचे, पेशंटला कितीतरी दिवस दवाखान्यात उताणं पडून राहावं लागायचं आणि घरी गेल्यावरही खोकणं, वाकणं, ओझं उचलणं सगळं बंद. मामाजी हिरवी पट्टी बांधून पडले होते. पलंगाभोवती आम्ही सगळे उभे होतो. डॉक्टर म्हणाले, "सहा दिवसांनी सुटी देतो. पण घरी नेताना धक्का बसता कामा नये. टाका निसटला तर डोळा जाईल. कसं नेणार?"

कुणी काही बोलायच्या आत मी म्हणालो, "आपली गाडी आहे ना."

पट्टीखालून आवाज आला, "मंग डाक्टरसाहेब, डोळा इथंच ठेवून घ्या. बाकीचा मी जातो जवायाच्या गाडीत."

नर्स हसली. डॉक्टरही हसले. मेहुणा मात्र हसला नाही. तो बाहेर व्हरांड्यात मला म्हणाला, "भाऊजी, राग नका मानू. मी बैलगाडीत भुशा-कुटाराचा जाड थर टाकतो, वर गाद्या टाकतो. हळूहळू नेऊ बाबाले." बायकोही त्याच्याच बाजूनं होती. घरी आल्यावर ती म्हणाली, "तुमची गाडी वाईट नाई म्हणत मी. पण बाबाच्या डोळ्यावर प्रयोग नका करू."

हे मला लागलं. लागलं अशासाठी की ती खरं बोलत होती. आत्तापर्यंत मी जे केलं ते सगळे प्रयोगच होते, आणि एकही जमला नव्हता. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा कुणाला तरी विचारायचं ठरवलं. आमच्या शेजारी एक एसटीचे ड्रायव्हर राहायचे. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सर, कारंज्याले जा. हायवेवर ढाब्याच्या बाजूले ट्रकच्या कमानी करणारा एक मिस्त्री हाये. तुमची गाडी पाहून हासन, पण करून देईन."

कॉलेजातून रजा घेऊन मी कारंज्याला गेलो. मिस्त्री साठीचा, अंगानं वाळलेला माणूस होता. तो हसला नाही. त्यानं गाडीभोवती फिरून हातातल्या हातोडीनं एका टायरवर टोला दिला. टण्ण आवाज आला.

"यात हवा भरली का शिमेट?"

मी ताठ्यानं माझा मीटर काढून दाखवला. त्यानं त्याचा मीटर लावला. त्याच्या मीटरवर माझ्यापेक्षा किती तरी जास्त आकडा आला. मी म्हणालो, तुमचा मीटर चुकत असेल. तो ढाब्यावर गेला आणि चहा पीत बसलेल्या एका सरदारजी ड्रायव्हरचा मीटर घेऊन आला. त्याचा आकडा मिस्त्रीच्या आकड्याशी तंतोतंत जुळला.

"हा तुमचा मीटर कोनं सुधारला?" मिस्त्रीनं विचारलं.

"एका ओळखीच्या माणसानं," मी म्हणालो.

"त्याच्याकडं पुन्हा नका जाऊ."

त्यानं चारही टायरांतली हवा कमी केली. नुसत्या तेवढ्यानं गाडी निम्मी सुधारली, हे मी बायकोला पुढे बरीच वर्षं सांगितलं नाही. मग त्यानं मागच्या कमानी उतरवल्या. पाटे गंजून एकमेकांना चिकटले होते. त्यानं जादा घातलेले पाटे काढून बाजूला फेकले, बाकीचे घासून, ग्रीस लावून पुन्हा बसवले. पुढच्या कापलेल्या स्प्रिंगांना मात्र त्याच्याकडे इलाज नव्हता. "वेढा कापला की स्प्रिंग आखूड होते अन् कडकही होते," तो मला समजावू लागला. हे मी दरवर्षी परीक्षेत विचारायचो, पण तेव्हा मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी बसनं नागपूरला जाऊन त्या जुन्या मालकाला गाठलं. नशिबानं मूळच्या स्प्रिंगा आणि शॉकअप त्याच्या गॅरेजात धूळ खात पडले होते. त्यानं ते तसेच देऊन टाकले. "सर, आता ती वळणावर झुकेल हं," तो हळहळून म्हणाला. मी म्हटलं, झुकू दे. परतताना बसमध्ये दोन स्प्रिंगा मांडीवर घेऊन बसलो होतो. कंडक्टरनं विचारलं, "सोफा करून राह्यले का साहेब?"

मिस्त्री त्या बसवत असताना मी त्याला वजन, ताण आणि डोलण्याचा वेग यांचं नातं सांगायला सुरुवात केली. दोन वाक्यं त्यानं ऐकली. मग हात पुढे करून म्हणाला, "सर, तो सतराचा पाना देजा." त्यानंतर संध्याकाळपर्यंत मी पाने देत होतो.

शेवटी तो ढाब्यावरून चहाचा भरलेला ग्लास घेऊन मागच्या सीटवर बसला आणि मला शेताकडच्या कच्च्या रस्त्यानं गाडी घ्यायला लावली. परत आलो तेव्हा त्यानं ग्लास दाखवला. चहा थोडासाच हिंदकळला होता. "गाडीचं काम झालं," तो म्हणाला. "पण सर, तुमी खड्डा दिसला का एकदम ब्रेक काऊन मारता? आंधीच एक्सिलेटर सोडून द्या ना, गाडी आपोआप हळू होते."

मामाजींना सुटी मिळाली त्या दिवशी दवाखान्याच्या दारात बैलगाडीही उभी होती. मेहुण्यानं खरंच कुटार, गाद्या, उशा सगळं आणलं होतं. बायकोनं आधी एकटीनं गाडीत बसून दवाखान्याभोवतीच्या खडबडीत रस्त्यानं मला एक चक्कर मारायला लावली. उतरली आणि भावाला म्हणाली, "बाबाले इकडं आण."

मामाजींना मागच्या सीटवर तिच्या मांडीवर डोकं ठेवून निजवलं. मी निघालो. इतक्या हळू मी जन्मात गाडी चालवली नव्हती. माझे हात घामानं स्टिअरिंगवरून निसटत होते. प्रत्येक खड्डा मला टाक्यासारखा दिसत होता. सायकलवाले पुढे गेले. मागून मेहुण्याची रिकामी बैलगाडी आली, तीही पुढे गेली आणि जाताना मेहुण्यानं अदबीनं मान वळवली. आरशात बायकोचा चेहरा दिसत होता. ती रस्त्याकडे नव्हे, वडिलांच्या पट्टीकडे बघत होती, आणि गाडी जरा हलली की तिचा हात त्यांच्या कपाळावर घट्ट बसायचा.

आंजीच्या अलीकडे घंटांचा आवाज आला.

"बकऱ्या हायेत का?" मामाजींनी पडल्या पडल्या विचारलं.

"हो."

"पुढं चालल्या?"

"हो, मामाजी."

मग ते म्हणाले, "धक्का बसून नाई राह्यला, हे खरं हाये. पण माही पट्टी उघडाच्या दिवसाआंधी पोचू ना?"

बायको हसली. दवाखान्यातून निघाल्यापासून ती पहिल्यांदाच हसली होती. मला मात्र हसू आलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते मी घाम पुसल्यासारखं करून पुसलं.

डोळा वाचला. दीड महिन्यानं जाड भिंगाचा चष्मा आला आणि मामाजी वांग्यांच्या वाफ्यांतून पूर्वीसारखे फिरू लागले. दरम्यान त्या गाडीवर माझा मेहुणा गाडी चालवायला शिकला. मीच शिकवलं, हे इथे नोंदवून ठेवतो.

पुढच्या हिवाळ्यात डाव्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, घरी कसं नेणार. मामाजी या वेळी लगेच म्हणाले, "जवायाची गाडी हाये ना." मी छाती काढून पुढे झालो. त्यांनी माझ्या दिशेनं हात केला आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "जवाईबापू, गाडी तुमचीच नेऊ. चालवाले पोट्टा हाये. तुमी मांगं बसजा, मायं डोकं धरून."

मी मागे बसलो. मेहुण्यानं कुठेही अचानक ब्रेक न मारता गाडी अर्ध्या तासात आंजीला नेली, आणि मामाजी वाटेत माझ्या मांडीवर घोरत होते.