रहीमभाईंचं जपानी

चिमूरच्या शाळेत रुजू झालो आणि रहीमभाई रेडिओवाल्यांच्या दुकानामागची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच सकाळी भिंतीपलीकडे एक बाई काहीतरी विचारत होती आणि एक पुरुष खणखणीत आवाजात उत्तरं देत होता. नवरा-बायको असतील म्हणून मी कान आवरते घेतले. रहीमभाईंनी चहाला बोलावलं तेव्हा कळलं, भाभी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. बाई टेपमध्ये होती.

शॉर्टवेव्हवर लागणारे जपानीचे धडे त्यांनी कॅसेटवर भरून ठेवले होते. बाई विचारायची, "कोरे वा नान देसु का?" म्हणजे, हे काय आहे? मग उत्तरासाठी थोडी थांबायची. रहीमभाई हातातलं काम बाजूला ठेवून अदबीने म्हणायचे, "राजिओ देसु." रेडिओ आहे. गिऱ्हाईक समोर ताटकळत असलं, तरी आधी बाईला उत्तर. गाव त्यांना खुशाल चक्रम म्हणायचं.

"रहीमभाई, इथे जपानी बोलणार कोणाशी?"

"तेच त पाहाचं हाय, मास्तर. मी बोलून राह्यलो ते खरंच जपानी हाय, का माह्याच मनचं काही, हे चिमुरात कोन सांगन? परीक्षा देतो. तिथी समजन."

हट्टाने अभ्यास केला त्यांनी. दुकानातल्या खोक्यांवर खडूने अक्षरं गिरवायचे, पुसायचे, पुन्हा गिरवायचे. परीक्षा पुण्याला होती. माझं घर तिकडचं, म्हणून मीच त्यांना घेऊन गेलो आणि फाटकाबाहेर थांबलो.

लेखी भाग बरा गेला. मग ऐकण्याच्या परीक्षेची टेप लागली. बाईने प्रश्न विचारला, कागदावर खूण करायला वेळ दिला, आणि आमच्या गृहस्थांनी भर वर्गात मोठ्याने उत्तर दिलं! ताकीद मिळाली. पुढच्या प्रश्नाला पुन्हा तेच. वर्षानुवर्षांची सवय, जीभ थांबते थोडीच? त्यांना बाहेर काढलं.

ऐकून मला रडू यायचंच बाकी होतं. रहीमभाईंचा चेहरा मात्र फुलला होता.

"वर्गावरची बाई जपानीच होती, मास्तर! मले जपानीत म्हने, बाहेर चला. मी जपानीत इचारलं, दरवाजा कुठी हाय? तिनं सांगतलं, तिथी. समजलं तिले! माहं बोलनं समजलं!"

परीक्षा बुडाली होती आणि हा माणूस मला भजी खाऊ घालत होता.

परतल्यावर वाटलं, आता दुप्पट जोराने अभ्यास सुरू होईल. पण टेप लागलीच नाही. दुकान उघडायचं, रेडिओ दुरुस्त व्हायचे, पलीकडे सगळं चिडीचूप. मला ती शांतता खायला उठायची. माझी बदली झाली, तेव्हा निरोप घेताना न राहवून त्यांच्याच बोलीत विचारलं, "रहीमभाई, टेप काऊन बंद केली?"

त्यांनी डोकं वर केलं नाही.

"पुण्याच्या त्या बाईनं माहं ऐकलं, मंग बोलली, मास्तर. हे टेपातली कुठी ऐकते? मी काही बी म्हनलं, तरी हे आपलं पुढचंच बोलते."